परिशिष्टातून चरात : डेक्कन कॉलेजच्या उत्खननांतील सहकार्याची वाटचाल

आपल्या पुरातत्त्व विभागाचा इतिहास सांगायला बसले की स्थळांची नावे ओळीने येतात : लांघणज, नाशिक, जोर्वे, महेश्वर, नावडातोली, नेवासे, चांदोली, इनामगाव. या नावांचा अभिमान वाटावा असेच काम तिथे झाले आहे. पण या स्मरणिकेसाठी मला दुसरी हकिकत लिहावीशी वाटते. या स्थळांवर निघालेली हाडे, दाणे, राख, गाळ आणि गंज हे वाचणारी माणसे कोणत्या विद्यापीठांतून, कोणत्या विषयांतून आली आणि ती हळूहळू उत्खनकाच्या शेजारी कशी येऊन उभी राहिली, ही ती हकिकत. विभागाचे खरे वेगळेपण मला तिथेच दिसते.

१८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेली पाठशाळा, तिचे पुढे झालेले डेक्कन कॉलेज, १९३४ मध्ये ते बंद पडणे आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडणे, हा भाग सर्वांना ठाऊक आहे. नव्या संस्थेत सुरुवातीचा अध्यापकवर्ग मोजकाच होता. त्यात भाषाशास्त्राचे सुमित्र मंगेश कत्रे होते, समाजशास्त्र आणि मानवशास्त्र शिकवणाऱ्या इरावती कर्वे होत्या आणि प्राचीन इतिहासाचे हसमुख धीरजलाल सांकलिया होते. लंडनला पीएच.डी. करताना सांकलियांनी मेडन कॅसलच्या उत्खननात मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली थरांचे शिक्षण घेतले होते. संस्था लहान होती, म्हणून एका विषयाचा माणूस दुसऱ्या विषयाच्या माणसाला रोज भेटत होता. मोठ्या विद्यापीठात यासाठी समिती नेमावी लागते. इथे व्हरांडा पुरेसा होता.

याचा उपयोग गुजरातेत झाला. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकात साबरमतीच्या खोऱ्यात अश्मयुगीन हत्यारे नोंदवली होती. ती स्थळे पुन्हा तपासावीत, अशी सूचना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे तेव्हाचे प्रमुख का. ना. दीक्षित यांनी केली आणि १९४१ मध्ये सांकलिया पहिली मोहीम घेऊन निघाले. मेहसाणा भागातील लांघणजला वाळूच्या टेकाडात सूक्ष्म अश्महत्यारे निघाली. १९४४च्या मोहिमेत इरावतीबाई बरोबर होत्या आणि त्याच वर्षी तिथे मानवी सांगाडे हाती लागले. हातपाय पोटाशी घेतलेले, वाळूत घट्ट बसलेले असे हे सांगाडे इतिहासाच्या प्राध्यापकाने एकट्याने उचलण्याजोगे नव्हते. इरावतीबाई मानवशास्त्रातल्या. त्यांनी मुंबईचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जी. एम. कुरुलकर यांच्यासह त्या अवशेषांवर लिहिले. वैद्यकीय महाविद्यालयातला शिक्षक प्रागैतिहासिक माणसाच्या हाडांवर मत देतो, ही गोष्ट त्या काळी आपल्याकडे विरळच होती.

पुढे १९४९ मध्ये लंडनच्या पुरातत्त्व संस्थेतील फ्रेडरिक झॉयनर आले. ते साबरमतीच्या काठच्या दरडी पाहत हिंडले आणि नदीने टाकलेले गोटे, गाळ व वाऱ्याने आणलेली वाळू यांवरून त्यांनी तिथल्या हवामानाचा क्रम लावला. लांघणजला गेंड्याच्या खांद्याचे एक हाड मिळाले होते आणि त्यावर बारीक खड्डे पडलेले होते. गारगोट्या फोडताना ते ऐरणीसारखे खाली धरले असावे, असे झॉयनरांनी दाखवले. एका हाडातून दोन गोष्टी कळल्या : तिथला माणूस काय करत होता आणि आज रेताड असलेल्या त्या मुलखात गेंड्याला पुरेल इतके गवत आणि पाणी एकेकाळी होते. प्राण्यांच्या हाडांचे काम झॉयनरांच्या विद्यार्थिनी ज्युलिएट क्लटन-ब्रॉक यांनी केले.

१९५०चे दशक हे विद्यापीठांनी जोडीने खोदण्याचे दशक. पुणे विद्यापीठ आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ ही दोन्ही १९४९ सालची, म्हणजे अगदी नवी. त्यांना विद्यार्थी शिकवायचे होते आणि आमच्याकडे अनुभव होता. नाशिक आणि जोर्वे इथे १९५०-५१ मध्ये शांताराम भालचंद्र देव सांकलियांच्या बरोबर होते. नर्मदेच्या उत्तर तीरावर महेश्वर आणि समोर दक्षिण तीरावर नावडातोली इथे १९५२-५३ मध्ये बडोद्याचे बी. सुब्बाराव सामील झाले. नेवाशाचे उत्खनन (१९५४-५६) पुणे विद्यापीठाच्या सहकार्याने झाले. मराठी माणसाला नेवासे ज्ञानेश्वरीमुळे माहीत होते. प्रवरेकाठचे ‘लाडमोड’ नावाचे टेकाड खणल्यावर त्याच गावाचा इतिहास मुसलमानी अमलापासून सातवाहनांपर्यंत आणि तिथून ताम्रपाषाणयुगापर्यंत खाली उतरत गेला. नदीकाठच्या जुन्या गाळात तर त्याहून कितीतरी प्राचीन अश्महत्यारे होती.

नेवाशाची एक वस्तू इथे जरा जवळून पाहू. ताम्रपाषाणयुगीन थरात एका मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याचे मणी मिळाले. मण्यांच्या भोकांत धागा शिल्लक होता. आपल्या ओल्या-कोरड्या हवामानात तीन हजार वर्षांपूर्वीचा धागा टिकत नाही. इथे तो टिकला, कारण तांब्याच्या गंजातील क्षारांनी त्याला कुजवणाऱ्या जंतूंना दूर ठेवले. हिरवट पडलेला तो तुकडा फुंकर मारली तरी उडावा इतका हलका होता. तो ए. एन. गुलाटी यांच्याकडे गेला. मुंबईत माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत असताना गुलाटींनी ए. जे. टर्नर यांच्यासह मोहेंजोदडोच्या कापसाची तपासणी केली होती आणि तिचा अहवाल १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. नेवाशाच्या धाग्यात त्यांना रेशीम दिसले. चांदोलीच्या तशाच मण्यांतला धागा अळशीचा निघाला. खापरांच्या नक्षीवरून संस्कृतीचे नाते जुळवणाऱ्या आम्हा लोकांना सूत काढणारा हात पहिल्यांदा दिसला तो असा, कापडाच्या जाणकाराच्या सूक्ष्मदर्शकातून.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील विष्णु-मित्र यांनी नावडातोली आणि महेश्वरचे जळके दाणे पाहिले. गहू, तांदूळ, मसूर, मूग, वाटाणा, लाख आणि अळशी अशी यादी त्यांनी दिली. गहू आधीपासून होता आणि तांदूळ नंतरच्या थरांत आला, हे त्यातून कळले. क्लटन-ब्रॉक, विष्णु-मित्र आणि गुलाटी या तिघांचे अहवाल १९६१ मध्ये एकत्र पुस्तकरूपाने निघाले. नावडातोली आणि नेवासे येथील कोळशाची कालगणना पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या कार्बन प्रयोगशाळेत झाली. लवकरच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तशी प्रयोगशाळा उभी राहिली, तेव्हा कोळसा समुद्रापार पाठवण्याची गरज उरली नाही. नेवाशाच्या मानवी अवशेषांवर कॉर्नेल विद्यापीठाचे केनेथ केनेडी आणि आपल्याकडचे के. सी. मल्होत्रा यांचा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे सगळे मोठे काम होते. तरी त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. ही सारी मंडळी उत्खननाला लाभली ती पार्सलातून. उत्खनकाने जे उचलण्याजोगे मानले तेवढेच डब्यात बंद होऊन लखनौला, लंडनला किंवा मुंबईला गेले. तिकडून आलेला अहवाल ग्रंथाच्या शेवटी परिशिष्ट म्हणून लागला. बैलाच्या मांडीचे हाड डोळ्यांत भरते, ते उचलले गेले. उंदराचा जबडा, माशाचा मणका, मोहरीएवढे बी यांची रवानगी मातीबरोबर ढिगावर झाली. दाणे पाहणाऱ्याला ते चुलीतले की कणगीतले, हे माहीत नव्हते. चुलीशी बसलेल्याला राखेत काय शोधायचे, हे कुणी सांगितलेले नव्हते. यात दोष कुणाचाच नव्हता. अंतरच तेवढे होते.

ते अंतर इनामगावने मिटवले. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठावर हे गाव आहे. १९६८ मध्ये तिथे पहिला चर पडला आणि १९८३ पर्यंत बारा हंगाम काम चालले. सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी हे त्याचे प्रमुख. गावाचा थर किती जाड आणि त्यात कोणकोणत्या संस्कृती, एवढाच प्रश्न असता तर दोन उभे चर पुरले असते. इथे ठरवले ते आडवे खणायचे, घरामागून घर उघडे करायचे आणि तीन हजार वर्षांपूर्वीचे एक शेतकरी गाव आळीसकट पाहायचे. शंभराहून अधिक घरे उघडी झाली आणि अडीचशेच्या वर दफने मिळाली. माळवा संस्कृती सुमारे इ.स.पू. १६०० पासून, त्यानंतर पूर्व जोर्वे आणि इ.स.पू. १००० ते ७०० पर्यंत उत्तर जोर्वे असा क्रम लागला.

असे आडवे खणायचे म्हटल्यावर शास्त्रज्ञाला घरी बसून चालेना. नदीचा जुना गाळ वाचणारे शरद राजगुरू, वनस्पतींचे अवशेष पाहणारे मुकुंद काजळे, प्राण्यांच्या हाडांचे पी. के. थॉमस आणि जी. एल. बदाम, मानवी सांगाड्यांचे सुभाष वाळिंबे, रसायनशास्त्राचे विश्वास गोगटे ही माणसे आता विभागातलीच होती. १९७०च्या दशकापासून कॉलेजच्या आवारात त्यांच्या प्रयोगशाळा उभ्या राहत गेल्या. विज्ञान शाखेतून आलेला विद्यार्थी आणि कला शाखेतून आलेला विद्यार्थी एकाच राहुटीत राहू लागले. मला विचाराल तर विभागाने केलेली ही सर्वांत दूरदृष्टीची नेमणूक होती. तिचे श्रेय सांकलिया सरांना आणि त्यांच्यानंतर विभाग सांभाळणाऱ्यांना निःसंकोच दिले पाहिजे.

फरक कसा पडला तो दोन कामांत दाखवतो. पहिले राखेचे. चुलीतली, कणगीच्या तळाची, खड्ड्यातली माती वेगवेगळी भरून घ्यायची आणि पाण्यात सोडायची. माती खाली बसते, जळके दाणे वर तरंगतात. ते बारीक चाळणीत धरायचे आणि सावलीत वाळवायचे. उन्हात ठेवले तर ते तडकतात. या खटाटोपातून इनामगावचे मुख्य धान्य जव होते, हे कळले. बरोबर गहू, मसूर, कुळीथ आणि रानची बोरेही होती. जव कमी पाण्यावर येतो आणि घोडचे खोरे पर्जन्यछायेतले आहे. म्हणून काठाशी सापडलेल्या कालव्याचा आणि बांधाचा अर्थ या दाण्यांशी जोडून लागला. तो कालवा की नदीने कोरलेली ओघळ, हे ठरवायला पुन्हा गाळाची जाण लागणार होती.

दुसरे काम दफनांचे. लहान मूल गेले की दोन घागरी तोंडाला तोंड लावून घराच्याच जमिनीखाली आडव्या पुरत. वरच्या बाजूची घागर बहुधा मातीच्या भाराने फुटलेली असे. आत दाबून बसलेल्या मातीत पेरभर लांबीच्या बरगड्या आणि अजून हिरडीबाहेर न आलेल्या दुधाच्या दातांच्या टोप्या असत. घाईचा हात त्या हमखास चुकवतो. म्हणून घागरीतली माती वेगळी काढून चाळली जाई. प्रौढांना सरळ झोपवत, पण त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मेलेला माणूस परत चालत येऊ नये म्हणून हे करत असावेत, असे ढवळीकर सरांचे मत होते. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात तर कच्च्या मातीचा चार पायांचा रांजण निघाला आणि त्यात बसलेल्या स्थितीत पुरलेला माणूस. शेजारी धान्याचे कोठार होते. घर, कोठार आणि हे दफन एकत्र धरून तो गावचा प्रमुख असावा, असा तर्क मांडला गेला.

इनामगावच्या मानवी अवशेषांवर ऑरेगॉन विद्यापीठाचे जॉन लुकाच आणि आपले वाळिंबे यांनी मिळून लिहिलेला खंड १९८६ मध्ये आला. मुख्य अहवाल १९८८ मध्ये निघाला. हाडांचा खंड आधी आणि मुख्य अहवाल नंतर, हा क्रम पूर्वी कुणी कल्पिला नसता. दातांच्या लुकणावर पडलेल्या खुणांवरून मुलांनी काय सोसले, याचा अभ्यास या दोघांनी पुढेही चालू ठेवला. उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती ढासळली. ढवळीकरांनी त्याचे कारण कोरड्या पडलेल्या हवामानात पाहिले. अनेक वर्षांनी अमेरिकन जैवपुरातत्त्वज्ञ ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावसह दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन मुलांचे सांगाडे पुन्हा तपासले आणि २०११च्या ग्रंथात हवामानाच्या त्या उपपत्तीला आव्हान दिले. ढवळीकर सरांच्या मताला आमच्याच कपाटातल्या हाडांवरून प्रश्न विचारला गेला, याचा मला आनंद होतो. हाडे चिठ्ठ्यांसकट, थर आणि चर क्रमांकासकट ठेवली होती, म्हणून तो विचारता आला.

विदर्भात नागपूर विद्यापीठाने तिथे गेलेल्या देव सरांच्या मार्गदर्शनाखाली टाकळघाट-खापा आणि माहुरझरीची शिलावर्तुळे खणली. देव पुण्याला परतल्यावर नायकुंडला १९७८ ते ८० या काळात राज्याच्या पुरातत्त्व विभागाबरोबर काम झाले. अरविंद जामखेडकर त्यात सहभागी होते. तिथे लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. मातीच्या नळ्या, लोहमळीचे गोळे, भाजून लाल झालेली माती एवढा ऐवज होता. गोगट्यांनी मळीचे पृथक्करण करून ती भट्टी कशी चालत असेल हे मांडले. घोड्यांची हाडेही शिलावर्तुळांत होती. लोहारकाम आणि घोडेस्वारी यांविषयी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या विदर्भाबद्दल आज जे बोलले जाते त्याचा पाया इथला आहे.

राजस्थानात उदयपूरजवळ बालाथलला राजस्थान विद्यापीठ या उदयपूरच्या संस्थेबरोबर १९९४ पासून काम झाले. वीरेंद्रनाथ मिश्र आणि वसंत शिंदे आपल्या बाजूने, ललित पांडे आणि जीवन खरकवाल तिकडून. तिथे दगडी भिंतींच्या आवारात शेणाच्या राखेचे जाड थर होते आणि त्या राखेत पुरलेला एक प्रौढ पुरुष मिळाला. त्याच्या चेहऱ्याच्या हाडांवर, नाकाभोवती झीज होती. २००९ मध्ये रॉबिन्स शुग, आपल्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी, मिश्र आणि इतरांनी ती कुष्ठरोगाची असल्याचे दाखवले. काळ सुमारे इ.स.पू. २०००. कुष्ठरोगाचा सांगाड्यातून मिळालेला तेव्हा तो जगातला सर्वांत जुना पुरावा ठरला. उत्खनकाला तिथे एक अपवादात्मक दफन दिसले होते. हाडांच्या वैद्याला त्यात एक आजारी माणूस दिसला. आपल्या लोकांनी त्याला राखेत, त्या पांढऱ्या ढिगात का ठेवले असेल, हा प्रश्न दोघांनी मिळून विचारला तेव्हाच तो पुरा झाला. त्याच राज्यात गिलुंडला पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या ग्रेगरी पॉसेल यांच्याबरोबर झालेल्या कामात मुद्रांच्या शेकडाभर ठशांचा साठा एका मातीच्या कोठीत मिळाला.

सहकार्य म्हणजे एकमत, असा समज असेल तर जुन्नरजवळ कुकडी नदीकाठच्या बोरीकडे पाहावे. तिथल्या ज्वालामुखीच्या राखेखाली अश्महत्यारे आहेत. राखेचे वय एका प्रयोगशाळेने सुमारे १४ लाख वर्षे सांगितले, दुसऱ्या पद्धतीने ते ६ लाख ७० हजारांच्या आसपास आले, तर इतरांनी ती राख सुमात्रातील टोबाच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. एका ओंजळभर राखेवर भूशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि आम्ही वर्षानुवर्षे भांडलो. त्या भांडणामुळे प्रत्येकाला आपला नमुना नेमका कोणत्या थरातून घेतला, हे बारकाईने दाखवावे लागले.

हरियाणात रोहतकच्या महर्षी दयानंद विद्यापीठाबरोबर आणि क्योटोच्या संशोधन संस्थेबरोबर सिंधू संस्कृतीचे फरमाणा खणले गेले. तिथल्या भांड्यांना आणि दातांना चिकटलेल्या पिष्टकणांत अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांना हळद, आले आणि वांगे यांच्या खुणा मिळाल्या. त्यानंतर त्याच संस्कृतीची राखीगढी. २०१३ ते २०१६ या काळात तिथल्या दफनभूमीवर सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डाँग हून शिन यांचा चमू आपल्या लोकांबरोबर होता. सांगाडा दिसू लागताच हातमोजे, मुखपट्टी आणि अंगभर पोशाख घालून मोजकी माणसे चरात उतरत, कारण आजच्या माणसाच्या घामाचा एक थेंब प्राचीन जनुकांचा नमुना बिघडवतो. इनामगावच्या हंगामात असा पोशाख कुणी पाहिलाही नव्हता.

हैदराबाद, लखनौ आणि हार्वर्ड इथल्या प्रयोगशाळांनी मिळून एकसष्ट नमुने तपासले. उष्ण हवेत आणि ओलीत जनुके टिकत नाहीत. एका स्त्रीच्या अवशेषांतून तेवढा वाचण्याजोगा जनुकसंच मिळाला. २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला आणि पहिले नाव वसंत शिंदे यांचे होते. त्या स्त्रीत युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा वंशांश आढळला नाही. याच सुमारास ‘सायन्स’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासाने तो वंशांश इ.स.पू. २००० नंतर उपखंडात आल्याचे मांडले. आर्यांच्या आगमनावरून वृत्तपत्रांत झालेल्या वादात हे दोन निबंध एकमेकांसमोर उभे केले गेले. ते शेजारी ठेवून वाचायचे आहेत, असे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. एका व्यक्तीच्या नमुन्यावर किती भार टाकायचा, हे जनुकशास्त्रज्ञांच्या बरोबरीने आपणही सांगितले पाहिजे, कारण ती कुठे, कशी, कोणत्या भांड्यांसह पुरली होती हे चरात उभे असलेल्यालाच माहीत असते.

आता एक काळजी नोंदवतो. जनुकांसाठी कानाच्या आतल्या कठीण हाडाची पूड काढावी लागते. धाग्याला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून परत डबीत ठेवता येत होते. हे हाड परत येत नाही. इनामगाव, नेवासे आणि लांघणजचे अवशेष मागणारी पत्रे येत राहतील आणि यायलाच हवीत. कोणत्या सांगाड्याचा नमुना कुणाला, कोणत्या प्रश्नासाठी, किती ग्रॅम दिला आणि त्याआधी त्याची छायाचित्रे, मापे व क्ष-किरण प्रतिमा घेतल्या का, याची एकच नोंदवही विभागाने ठेवावी आणि ती प्रत्येक सहकारी विद्यापीठाला पाहता यावी.